टपालाच्या वळणावरचा खड्डा

"बाई, समोरनं टेम्पो आला."

"येऊ दे. डावीकडं राहा. ब्रेक हळू दाबा, हळू."

मी मागं बसले होते आणि शालनताईंच्या खांद्यावरून पुढं बघत होते. त्यांची मान ताठ झाली होती, मुठी हँडलवर आवळल्या होत्या. त्यांनी गाडी डावीकडं घेतली, पण मी सांगितलं त्यापेक्षा हातभर जास्त. पुढचं चाक गढूळ पाण्यात गेलं ते वर आलंच नाही. गाडी मागून उचलली गेली. मी डांबरावर आदळले, त्या पलीकडं पडल्या आणि गाडी त्यांच्या पायावर.

टपाल कचेरीच्या भिंतीला लागून बंडूआप्पांची चहाची टपरी होती. ते आणि टेम्पोवाला धावत आले. दोघांनी मिळून गाडी उचलली. शालनताई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपला डावा पाय पाहिला. गुडघ्याखाली तो भलत्याच बाजूला वळला होता. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"माझंच चुकलं बाई," त्या म्हणाल्या. "टेम्पो बघून घाबरले मी."

माझ्या कोपरातून रक्त येत होतं आणि मी ते पदरानं पुसत राहिले.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषद असलेलं. बायकांना दुचाकी शिकवणारी तिथं मी एकटीच. माझे यजमान, शिवानंद, हायस्कुलात शिक्षक होते, त्यामुळं सकाळी शाळा भरायच्या आधी मैदान वापरायला मिळायचं. एक जुनी जांभळी स्कुटी, तिला पुढं-मागं लाल अक्षरातली शिकाऊची पाटी. तीन वर्षांत साठ-पासष्ट बायका माझ्याकडं शिकून गेल्या. नर्स, शिक्षिका, घरोघरी साड्या विकणाऱ्या, एक तर कीर्तनकार. रस्त्यात कुणी भेटली की हॉर्न वाजवायची. त्या हॉर्नचा मला फार अभिमान होता.

शालन लोहार तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या. अंगणवाडी सेविका. त्यांची बदली सात किलोमीटरवरच्या माळावरच्या वस्तीत झाली होती. एसटी सकाळी सातला, नाही तर दुपारी बाराला. मधल्या वेळी चालत. त्यांचे यजमान दिनकर यांचं बाजार समितीजवळ वेल्डिंगचं दुकान होतं. ते पहिल्या दिवशी बायकोला माझ्या दारात सोडायला आले आणि मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाले, "ह्या वयात काय शिकणार ही? सायकलसुदीक कधी चालवली न्हाई."

"म्हणून तर आले," शालनताई म्हणाल्या आणि पदर कमरेला खोचला.

त्या शिकत होत्या चांगल्या. आठव्या दिवशी मी त्यांना मैदानाबाहेर काढलं. तोच तो दिवस.

दोन्ही हाडं मोडली होती. दोन ऑपरेशनं झाली, सळई घातली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दिनकर भिंतीला टेकून उभे होते. मला बघून ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी सांगत होतो. बाईमाणसाची हौस. आता बसा."

आतून शालनताईंचा आवाज आला, "बाईंना कशाला बोलताय? गाडी माझ्या हातात होती."

तिसऱ्या दिवशी मी टपालाच्या वळणावर गेले. खड्डा बुजवलेला होता. मुरूम टाकून वर रोलर फिरवला होता. आठवडाभरात डांबरही पडलं. आख्ख्या रस्त्यावर तेवढाच एक तुकडा काळाभोर दिसायचा.

मी नगरपरिषदेत अर्ज दिला, शालनताईंच्या नावानं. सही घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "कशाला? ते काय म्हणणार, की तू नीट चालवायची होतीस."

"म्हणू दे. तुम्ही सही करा."

तसंच म्हणाले ते. पत्र आलं ते मी त्यांच्या खाटेशेजारी बसून वाचलं. सदर खड्डा अपघाताच्या आदल्या रात्री अज्ञात इसमाने खासगी नळजोडणीसाठी विनापरवाना खोदला होता. नगरपरिषदेस त्याची माहिती असण्याचे कारण नव्हते. माहिती मिळताच तो तातडीने बुजवण्यात आला. वाहन चालवणारी महिला शिकाऊ असून अपघात तिच्या निष्काळजीपणामुळे घडला आहे. सबब अर्ज दप्तरी दाखल.

"निष्काळजीपणा," शालनताईंनी तो शब्द सावकाश म्हणून पाहिला. "बघा. सरकारी कागदावर पण तेच."

"हे खोटं आहे."

"त्यातलं काय खोटं आहे बाई? शिकाऊ होते. घाबरले. पडले."

"दावा लावायचा."

"चूक माझी असताना?"

"चूक तुमची नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही मागं होता."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले आणि उठले.

पाच महिन्यांनी त्या पुन्हा कामावर जायला लागल्या. पाय आखूड झाला होता, चालताना एका बाजूला झुकायच्या. दिनकर रोज सकाळी त्यांना मोटरसायकलवरून वस्तीवर सोडायचे आणि दुकान उशिरा उघडायचे. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक ताटकळलं की त्याला सांगायचे, "काय करणार, आमच्या बाईसाहेबांना गाडी शिकायची होती." हे मी स्वतः ऐकलं आहे. शालनताईही ऐकायच्या. घरात, दारात, अंगणवाडीत मुलं आणायला येणाऱ्या बायकांच्या तोंडून. कुणी दुष्टपणानं म्हणत नव्हतं. त्या सगळ्यांना तसंच वाटत होतं आणि शालनताईंनाही.

त्या आधीच मी त्यांना इनामदार वकिलांकडं घेऊन गेले होते. साठी ओलांडलेला सडपातळ माणूस, बोलणं कमी. त्यांनी नगरपरिषदेला नोटीस दिली, कायद्याप्रमाणं महिना थांबले आणि दावा लावला. शालनताई कागदावर सही करताना म्हणाल्या होत्या, "बाई म्हणतात म्हणून."

"तुमची बाई फार हट्टी दिसते," इनामदार म्हणाले.

"हाय खरी."

मग तारखा. दोन वर्षं. कधी न्यायाधीश रजेवर, कधी नगरपरिषदेचे वकील शेटे आजारी, कधी नुसतीच पुढची तारीख. मी प्रत्येक तारखेला जायची. शालनताई सुट्टी मिळाली तर यायच्या. बाकावर आम्ही दोघी शेजारी बसायचो, त्या डब्यातली भाकरी मला द्यायच्या. मी ती खायची.

साक्षी सुरू व्हायच्या सुमारास इनामदारांनी मला एकटीला बोलावलं.

"एक अडचण आहे. ते म्हणतात खड्डा आदल्या रात्रीचा. तसं असेल तर नगरपरिषद सुटते. एका रात्रीत त्यांना कळणार कसं? खड्डा बरेच दिवस तिथं होता हे सांगणारं माणूस पाहिजे."

"बंडूआप्पा सांगतील. त्यांच्या टपरीसमोर होता. त्यांनीच त्यात बाभळीची फांदी उभी केली होती."

बंडूआप्पांकडं मी त्याच दिवशी गेले. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, चहा दिला. मी विचारलं तसे ते फडक्यानं गल्ला पुसायला लागले.

"बाई, ही टपरी कुणाच्या जागेत हाय?"

"नगरपरिषदेच्या."

"मग मला कशाला विचारताय?" त्यांचे डोळे भरून आले. "शालनवहिनीचा पाय मी माझ्या हातानं सरळ केला हो त्या दिवशी. मला काय वाटत न्हाई असं समजू नका. पण कोर्टात मी येणार न्हाई."

टेम्पोवाला परगावचा होता, त्याचा पत्ता लागला नाही. पोस्टमन बदलून गेला होता. आजूबाजूच्या दोन दुकानदारांनी सांगितलं, आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन कपाटातली वही काढली.

शिकवायला सुरुवात केल्यापासून मी एक वही ठेवत होते. तारीख, कोण आली, काय शिकवलं, कुठून कुठं गेलो. दोन-दोन ओळी. सवय म्हणून. अपघातानंतर ती वही मी पुस्तकांच्या मागं सरकवून ठेवली होती आणि दोन वर्षं तिला हात लावला नव्हता. तिच्यात काय आहे ते मला पाठ होतं.

एकवीस जुलैच्या नोंदीखाली लिहिलं होतं, 'टपालाच्या वळणावर नगरपरिषदेच्या लोकांनी पाण्याची गळती काढली. माती नुसती लोटली आहे. तिकडून जायचं नाही.' सव्वीस जुलैला, 'वळणावरची माती बसली. खड्डा दीड फूट. मैदानामागच्या बोळानेच जायचं.' दोन ऑगस्टला, 'आप्पांनी फांदी लावली आहे.'

आणि शेवटच्या पानावर, नऊ ऑगस्टला, सकाळी निघायच्या आधी लिहिलेली ओळ. 'शालन. आज टपालाच्या वळणाने नेणे. खड्डा चुकवायला शिकवणे.'

खड्डा मला माहीत होता. एकोणीस दिवस माहीत होता. बाकीच्या बायकांना मी तिथं नेलं नाही. शालनताईंचा हात चांगला बसला होता, वस्तीचा रस्ता खराब होता, तिथं त्यांना रोज असे खड्डे भेटणार होते. म्हणून मी ठरवून नेलं. त्या सकाळी फांदी कुणी तरी काढून टाकली होती आणि खड्डा पाण्यानं भरून रस्त्याच्या पातळीला आला होता. मला तो दिसत होता, कारण तो कुठं आहे हे मला ठाऊक होतं. 'आता पुढं खड्डा आहे' असं मी म्हणणार होते, तेवढ्यात टेम्पो आला. मी टेम्पोबद्दल बोलले. डावीकडं राहा, म्हणाले.

शिवानंद शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. मी वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"शेवटचं पान सुटं आहे," ते म्हणाले. शिलाईजवळ बोट ठेवलं. "हे निघालं तर कुणाला कळणार नाही."

"हो."

"तू फाडणार आहेस?"

"दोन वर्षं तेच करत आले ना मी. आता नाही."

"तुझ्याकडं पुन्हा कुणी शिकायला येणार नाही, मंदा."

"नाही येणार."

वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. "आधी शालनताईंना सांग," म्हणाले. "कोर्टात कळायला नको त्यांना."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शालनताई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, अधू पाय पुढं सोडून. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. वहीही दिली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि शेवटची ओळ बोट फिरवत वाचली. दोनदा.

"तुम्हाला दिसत होता?"

"हो."

"मी तिथं रस्त्यातच म्हणाले, माझं चुकलं. तुम्ही तिथं होता."

"होते."

"इथं, ह्या दारात, किती वेळा म्हणाले."

"शालनताई..."

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रात्री झोप लागायची न्हाई मला. डोळ्यांपुढं तो टेम्पो यायचा. वाटायचं, मी थोडी उजवीकडं घेतली असती तर. ह्यांचं तोंड सहन केलं मी. का? तर आपली चूक हाय. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून माझी भाकरी खात होता."

मी मान खाली घातली.

"आता का सांगताय?"

"ही वही कोर्टात दिली तर खड्डा एकोणीस दिवसांचा होता हे सिद्ध होईल. दुसरं कुणी सांगायला तयार नाही."

"आणि न्हाई दिली तर?"

"तर कागदावर तुमचंच चुकलं असं राहील."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "द्या मग," त्या म्हणाल्या. "आणि जावा आता."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वही इनामदारांकडं दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"शेटे हे वाचून तुम्हाला सोलून काढतील," ते म्हणाले.

"काढू देत."

"दोषाचा काही भाग तुमच्यावर येईल. त्याप्रमाणं शालनबाईंची भरपाईही कमी होऊ शकते. ते त्यांना सांगायला पाहिजे."

"त्यांना विचारूनच आणली आहे. जेवढं कमी होईल तेवढं मी भरून देईन."

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. माझ्याकडं शिकलेल्या चार-पाच बायकाही मागं येऊन बसल्या होत्या. शालनताई दुसऱ्या बाजूच्या बाकावर, दिनकरांच्या शेजारी. न्यायाधीश तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. वही ऐन वेळी का आणली म्हणून शेटे वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती नोंदवली आणि वही दाखल करून घेतली.

शेटे उंच, दणकट आवाजाचे. त्यांनी इनामदारांनी खूण केलेली पानं उघडली.

"ही वही तुम्ही या दाव्यासाठी लिहिली आहे."

"नाही."

"दोन वर्षं कुठं होती?"

"माझ्या कपाटात."

"अर्ज केलात तेव्हा आठवली नाही? दावा लावलात तेव्हा नाही? आता साक्षीदार मिळेनात तेव्हा बरी सापडली. तारखा तुम्ही घरी बसून घातल्या आहेत."

"नाही."

"कशावरून विश्वास ठेवायचा?"

"शेवटचं पान वाचा," मी म्हणाले.

शेटे यांनी पान उलटलं. आधी मनात वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मागच्या बाकावर कुजबुज झाली. मी मागं वळून पाहिलं नाही.

"म्हणजे खड्डा तुम्हाला माहीत होता."

"हो."

"किती दिवस?"

"एकोणीस."

"आणि माहीत असून, आठ दिवसांच्या शिकाऊ बाईला तुम्ही मुद्दाम तिथं नेलंत?"

"नेलं."

"तुम्ही स्वतःला शिकवणारी म्हणवता?"

"म्हणवत होते."

"मग या बाईचा पाय कुणामुळं मोडला? नगरपरिषदेमुळं की तुमच्यामुळं?"

मी शेटे यांच्याकडं सरळ पाहिलं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "मी त्यांना तिथं न्यायला नको होतं आणि नेलं तर आधी सांगायला हवं होतं. ती चूक माझ्या नावावर लिहा. शालनताईंच्या नावावर नको, त्यांना खड्डा दिसतच नव्हता. पण वकीलसाहेब, तो खणला तुमच्या नगरपरिषदेच्या माणसांनी. मी त्यांना गळती काढताना बघितलं. एकोणीस दिवस तो उघडा ठेवणं, तिथं एक दिवासुद्धा न लावणं, हे माझं काम नव्हतं. ते तुमचं होतं."

"जेवढं विचारलं तेवढंच सांगा," शेटे म्हणाले आणि न्यायाधीशांकडं वळले. "साहेब, साक्षीदारानं दोष स्वतःच कबूल केला आहे. आणखी काय पाहिजे?"

न्यायाधीश वहीचं ते पान बघत होते.

"शेटे," ते म्हणाले, "तुम्हाला ही वही बनावट म्हणायची आहे की त्यातली शेवटची ओळ खरी म्हणायची आहे? दोन्ही एकदम कसं?"

शेटे यांनी हातातले कागद चाळले.

"बनावट वही करणारं माणूस ही ओळ कशाला लिहील?" न्यायाधीशांनी पान मिटलं. "आणि तुमच्या लेखी कैफियतीत खड्डा आदल्या रात्रीचा आहे. आता एकोणीस दिवस तुम्हीच विचारून घेतलेत."

पुढच्या तारखेला नगरपरिषदेचे कनिष्ठ अभियंता पिंजऱ्यात आले. इनामदारांनी त्यांना फक्त एकवीस जुलैबद्दल विचारलं.

"त्या दिवशी त्या वळणावर गळती काढली होती का?"

"काढली असेल."

"असेल की काढली?"

अभियंत्यांनी शेटे यांच्याकडं पाहिलं, मग छताकडं. "काढली," ते म्हणाले.

निकाल चार महिन्यांनी लागला. न्यायाधीशांनी तो कोर्टात थोडक्यात सांगितला. नंतर आम्ही बाहेरच्या लिंबाखाली उभे होतो. उभे म्हणजे शालनताई आणि दिनकर एका बाजूला, मी दहा पावलांवर. इनामदार नक्कल घेऊन आले. रस्ता सुस्थितीत ठेवणं ही नगरपरिषदेची जबाबदारी होती, ती तिनं पाळली नाही, सबब भरपाई द्यावी. चौथाई दोष शिकवणाऱ्या बाईचा, म्हणून भरपाईतून चौथाई कमी.

"चालवणारीबद्दल काय लिहिलंय?" शालनताईंनी विचारलं.

इनामदारांनी पानं चाळली. "वाहन चालवणाऱ्या महिलेचा कोणताही दोष सिद्ध होत नाही."

"परत वाचा. जरा मोठ्यानं. ह्यांना ऐकू जाऊ दे."

इनामदारांनी परत वाचलं. दिनकर मोटरसायकलच्या आरशाशी चाळा करत उभे होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "हे जज्जसाहेबांनी स्वतः लिहिलंय?"

"त्यांची सही आहे खाली."

दिनकरांनी गाडी चालू केली, स्टँड काढला आणि बायकोला चढायला सोपं जावं म्हणून गाडी लिंबाच्या पाराला लावली. शालनताई गेल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

चौथाई मी त्यांना दिली. दोन वर्षं लागली द्यायला. शिवानंदांच्या पगारातून आणि मी घेतलेल्या शाळकरी मुलांच्या शिकवण्यांमधून. शेवटचं पाकीट मी त्यांच्या अंगणवाडीत नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं, मोजलं आणि मान हलवली. नको म्हणाल्या नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

गाडीची शिकवणी तर साक्षीच्या दुसऱ्या दिवसापासूनच बंद पडली होती. त्या वेळी तीन बायका शिकत होत्या, तिघींनी निरोप पाठवले. रस्त्यात भेटणाऱ्या जुन्या बायका हॉर्न वाजवायच्या नाहीत, वळून दुसरीकडं बघायच्या. एक म्हणाली, "बाई, तुम्ही असं केलंत?" मी हो म्हणाले. स्कुटी मागच्या अंगणात प्लास्टिकच्या कागदाखाली उभी राहिली. ती विकावी असं शिवानंद दोनदा म्हणाले. मी दर रविवारी किक मारून तिचं इंजिन चालू करून ठेवायची.

शेवटचं पाकीट दिल्याला सहा-सात महिने झाले असतील. एके दिवशी सकाळी लवकर मी शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत होते. दारात गाडी थांबली. बाहेर आले तर शालनताई. निळ्या स्कुटीवर, एकट्या नाही, मागं एक तिशीची बाई बसलेली. शालनताईंनी गाडी बंद केली, आखूड पाय आधी जमिनीवर नीट टेकवला, मग उतरल्या.

"कधी शिकलात?" माझ्या तोंडून निघालं.

"पावसाळ्यात. ह्यांनी शिकवलं."

"दिनकरभाऊंनी?"

"मीच म्हणाले, कोर्टानं माझी चूक न्हाई म्हणून सांगितलंय, आता शिकवा. नुसतं आरडतात. रोज भांडत शिकले मी." त्यांनी मागच्या बाईला पुढं ढकललं. "ही आमच्या वस्तीवरची आशा कार्यकर्ती. मंगल. हिला पाच गावं फिरायची असतात. हिला शिकवा."

मंगल माझ्याकडं जरा घाबरूनच बघत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं हे उघड होतं.

"माझ्याकडं?" मी म्हणाले. "शालनताई, गावात कुणी..."

"मी सांगितलंय हिला सगळं. काय झालं ते, कसं झालं ते." माझ्याकडं सरळ बघून बोलायला त्यांना अजूनही जड जात होतं, ते मला दिसलं. "मी विसरले न्हाई बाई. विसरणार पण न्हाई. पण हिनं विचारलं, कुणाकडं शिकू, तर म्हटलं, त्या बाईकडं शीक. चुकली तर चुकले म्हणती ती. उशिरा का होईना, पण पिंजऱ्यात उभी राहून म्हणती."

मी आत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि किल्ली घेऊन बाहेर आले. शालनताई तोवर गाडी वळवून निघून गेल्या होत्या, त्यांना वस्तीवर पोषण आहार वाटायचा होता.

मी अंगणातल्या स्कुटीवरचा कागद काढला, गाडी रस्त्यावर आणली.

"मंगल, तू पुढं बस," मी म्हणाले. "आणि आधी नीट ऐक. आज आपण मैदानावरच राहायचं. बाहेर कधी जायचं ते मी ठरवणार नाही, तू ठरवायचं. रस्त्यात कुठं काय आहे ते मला जेवढं माहीत आहे तेवढं मी तुला आधीच सांगणार."

"बरं बाई," ती म्हणाली आणि तिनं हँडल धरलं.